मंगळवारी निघून मंगळवारीच पोचायचं, मग बावीस तास गेले कुठे?

या वेळच्या पत्रांमध्ये विमानप्रवासाचे प्रश्न एवढे आलेत की बाकीचे पुढच्या अंकासाठी ठेवून तेवढेच घेतोय. आपल्या सातारा-सांगलीकडची पोरं आता घरटी एक तरी परदेशात आहेत आणि मागे राहिलेले आईवडील तिकिटाचा कागद हातात घेऊन बसलेत, तेव्हा हे नीट सविस्तर सांगायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : सर, नमस्कार. आमचा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोजवळ नोकरीला आहे. जानेवारीत सूनबाईचं बाळंतपण आहे म्हणून मी आणि हे, दोघं पहिल्यांदाच विमानात बसणार. मुलाने तिकीट पाठवलंय, त्यात मुंबईहून मंगळवारी पहाटे ४:३० ला निघायचं, दुबईत विमान बदलायचं आणि सॅन फ्रान्सिस्कोला मंगळवारीच दुपारी १ ला पोचायचं असं आहे. म्हणजे साडेआठ तास झाले. पण फेब्रुवारीतलं परतीचं बघितलं तर शनिवारी दुपारी ४ ला निघून मुंबईत सोमवारी पहाटे २:३०, म्हणजे साडेचौतीस तास! हे म्हणतात तिकिटात चूक आहे, मुलगा म्हणतो आई सगळं बरोबर आहे. आणि शेजारच्या वहिनी सांगतात की विमान उत्तर ध्रुवावरून जातं. नकाशात तर अमेरिका सरळ पश्चिमेला दिसते, मग ध्रुवावर कशाला जायचं? यांना शुगर आहे, गोळ्यांचंही सांगा. (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : ताई, तिकीट बरोबर आहे, यांना सांगा निश्चिंत राहा. घोळ फक्त एवढाच आहे की विमानाच्या तिकिटावर छापलेली प्रत्येक वेळ ही त्या त्या गावच्या घड्याळाची असते, निघायची वेळ मुंबईच्या घड्याळाने आणि पोचायची वेळ सॅन फ्रान्सिस्कोच्या घड्याळाने, आणि ही दोन घड्याळं जानेवारीत साडेतेरा तासांनी मागेपुढे आहेत. आपण पुढे, ते मागे. तेव्हा तिथे मंगळवारी दुपारचा १ वाजलेला असेल तेव्हा सांगलीत तुमच्या भिंतीवरच्या घड्याळात बुधवारचे पहाटेचे २:३० झालेले असतील. आता मोजा, मंगळवार पहाटे साडेचार ते बुधवार पहाटे अडीच. बावीस तास. तुम्ही काढलेल्या साडेआठात साडेतेरा मिळवले तरी बावीसच येतात.

येताना नेमकं उलटं. साडेचौतीसमधून साडेतेरा वजा करा, एकवीस राहतात. म्हणजे जायला बावीस आणि यायला एकवीस, एवढाच खरा फरक आहे. जाताना घड्याळ तुम्हाला वेळ परत देतं आणि येताना तेवढाच काढून घेतं, बाकी काही नाही.

मी भूगोल शिकवायचो तेव्हा पोरांना हेच सांगायचो की दोन लांबच्या गावांमधला वेळ काढायचा असला तर आधी दोन्ही वेळा एकाच घड्याळावर आणा आणि मगच वजाबाकी करा. तुम्ही सगळं भारतीय वेळेत एका कागदावर लिहून काढा. मुंबई सुटली ४:३०. दुबई तिकिटावर सकाळी ६:१५ असेल, दुबई आपल्या दीड तास मागे आहे म्हणजे आपले ७:४५, सव्वातीन तासांचा प्रवास. दुबईहून पुढचं विमान तिथल्या ९ ला असेल तर आपले १०:३०, म्हणजे मध्ये पावणेतीन तास थांबायचं. तिथून सोळा तास सलग, की आपले पहाटेचे २:३० आणि तिथली दुपार. (मधल्या वेळा तुम्ही लिहिल्या नव्हत्या, मी अंदाजाने धरल्यात, तुमच्या तिकिटावरच्या घालून घ्या.) हाच कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि यांच्या गोळ्यांच्या वेळा त्यावर लिहून आणा, कारण शरीराला मंगळवार-बुधवार कळत नाही, गोळी घेऊन किती तास झाले आणि पोटात काय गेलंय एवढंच कळतं. गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवा, मोठ्या बॅगेत टाकू नका. आणि यांच्या हातातलं घड्याळ तिथे पोचेपर्यंत भारतीय वेळेवरच राहू द्या, अजिबात फिरवू नका.

आता अंतराचं. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर साधारण १३,५०० किलोमीटर आहे. आता "सरळ" म्हणजे काय ते बघा, नकाशावर पट्टी ठेवून मारलेली रेघ म्हणजे सरळ नाही, कारण नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल. घरात पोरांचा पृथ्वीचा गोल असेल तर घ्या, नसेल तर नातवासाठी आता घ्यावाच लागणार आहे, त्यावर एक दोरा मुंबईवर धरा, दुसरं टोक सॅन फ्रान्सिस्कोवर आणि दोरा ताणा. दोरा आपोआप घसरत वर जातो आणि काश्मीरच्या अंगाने, मध्य आशिया, सायबेरिया, मग आर्क्टिक महासागर ओलांडून कॅनडावरून खाली उतरतो. सगळ्यात वर तो ७६-७७ अंश उत्तर अक्षांशापर्यंत जातो. तोच सगळ्यात जवळचा रस्ता. शाळेच्या भिंतीवरचा जो नकाशा आपण सगळ्यांनी पाहिलाय तो १५६९ साली मर्केटरने काढलेल्या पद्धतीचा, जहाजांना दिशा धरायला उत्तम, पण त्यात ध्रुवाकडचा भाग ताणला जातो, इतका की ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो आणि प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट मोठी आहे. म्हणून त्या नकाशात ध्रुवाकडून जाणं लांबचा फेरा वाटतं.

तुमचा रस्ता तर अजून छान आहे. दुबई आणि सॅन फ्रान्सिस्को हे पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत, दुबई ५५ अंश पूर्व आणि ते १२२ अंश पश्चिम, बेरीज १७७, म्हणजे १८० ला तीनच कमी. अशा दोन ठिकाणांमधला जवळचा रस्ता ध्रुवाच्या अगदी शेजारून जातो, दोरा लावला तर उत्तर ध्रुवापासून साधारण २०० किलोमीटरवरून. वहिनी बरोबर सांगतायत. रोजचं विमान वारा आणि परवानग्या बघून थोडं इकडेतिकडे सरकतं, पण जातं त्याच भागातून. आणि जानेवारीत तिथे चोवीस तास काळोख असतो, तेव्हा तुम्ही दुबईच्या विमानतळावर काचेतून सूर्य उगवताना बघाल, मग उजेडात निघून काळोखात शिराल आणि कॅनडावरून खाली येताना त्याच मंगळवारी पुन्हा एकदा सूर्योदय बघाल. खिडकीची सीट मिळाली तर यांना झोपू देऊ नका त्या वेळी.

दुबईमार्गे एकूण अंतर होतं मुंबई-दुबई १,९३० आणि पुढे १३,०००, म्हणजे १४,९०० च्या वर. फ्रँकफर्टमार्गे साधारण १५,७०० होतं. आणि सिंगापूरमार्गे, म्हणजे आधी उलट्या दिशेला पूर्वेकडे जाऊन, साडेसतरा हजार. मुलाला विचारा, त्याने दुबई निवडली ती बरोबरच निवडलीय, वाकडी वाट फार नाही.

तुम्ही म्हणाल विमान ताशी ९०० ने जातं, १३,००० भागिले ९०० केले की साडेचौदा तास येतात, मग तिकिटावर सोळा कसे? तर तिकिटावरचा वेळ हा विमान गेटवरून हललं तिथपासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत रांगेत जाणं, वर चढणं, उतरताना वेग कमी करणं, वळणं, हे सगळं त्यात आलं. एसटी कशी स्टँडवरून निघून गावाबाहेर पडेपर्यंत वीस मिनिटं घेते, तसंच. शिवाय दोरा जिथून जातो तिथून विमानाला जायची परवानगी असेलच असं नाही. पाकिस्तानचं आकाश २७ फेब्रुवारी २०१९ ते १६ जुलै २०१९ बंद होतं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना गुजरातकडून वळसा पडायचा. एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं. २०२२ पासून रशियाचं आकाश युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंद झालं आणि हेलसिंकी ते टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेराच्या आसपास गेला. दोन्ही विमानतळं जागच्या जागी, अंतर तेच, आणि वेळ दीडपट.

आणि वारा! मला ही गोष्ट शिकवताना कायम भरून यायचं. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे प्रचंड प्रवाह वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज असतो, कधी तीनशेच्याही वर जातो. जपानमध्ये वासाबुरो ओइशी नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून ते मोजून ठेवले होते. विमान ९०० ने जातं ते हवेच्या हिशेबाने, आणि हवाच जर २०० ने पुढे चालली असेल तर जमिनीच्या हिशेबाने विमान ११०० ने जातं, समोरून असेल तर ७०० ने. आयर्विन पुलाखाली कृष्णेत होड्यांच्या शर्यती बघितल्यात ना तुम्ही, धारेबरोबर आणि धारेविरुद्ध वल्ही तेवढीच मारायची पण होडी किती वेगळी पळते, तेच हे. ९ फेब्रुवारी २०२० ला न्यूयॉर्कहून लंडनला एक विमान अशाच वाऱ्यावर ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, एरवी साडेसहा-सात तास लागतात. आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण, २०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून न्यायचं सोडून पूर्वेकडून पॅसिफिकवरून नेलं. रस्ता सुमारे १३,९०० वरून १५,३०० किलोमीटरवर गेला, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त, आणि तरी साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर. कारण वारा पाठीवर. दोन विमानतळांमधलं अंतर सांगून वेळ सांगता येत नाही, त्याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

तुमचा रस्ता दक्षिण-उत्तर असल्यामुळे हा वारा बराचसा आडवा लागतो, म्हणून जाता-येताचा फरक तासाभराचाच आहे.

भीती वाटत असेल तर एक सांगतो. एवढ्या निर्जन भागावरून जाणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानाचा रस्ता आखतानाच, एक इंजिन बंद पडलं तर ठराविक वेळात कुठे उतरता येईल ते विमानतळ आधी ठरलेलं असतं. ६ जून २०२३ ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनात बिघाड आल्यामुळे रशियाच्या पूर्व टोकाला मगादानला उतरवलं, सगळे सुखरूप होते आणि पुढे दुसऱ्या विमानाने गेले. आणि जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सोबतच्या सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला ध्रुवाकडूनच विमान आणलं होतं. तुम्ही जाताय ती वाट रोजच्या वहिवाटीची आहे.

आता घरापासूनचं गणित करा, कारण लोक तेच विसरतात. ४:३० चं विमान म्हणजे दीड वाजता विमानतळावर हजर पाहिजे. सांगली ते मुंबई पावणेचारशे-चारशे किलोमीटर, वाटेत जेवण, खंबाटकी, पुण्याचं ट्रॅफिक, पनवेल, सगळं धरून आठ-नऊ तास, आणि एखादा टायर पंक्चर झाला तर त्याचेही धरा. सोमवारी दुपारी तीनला घर सोडा. म्हणजे विमान हलेपर्यंतच साडेतेरा तास गेले, मग बावीस, मग तिथे इमिग्रेशनची रांग, बॅगा आणि मुलाच्या गाडीतून घर, दोन तास. साडेसदतीस तास होतात. पंधरा हजार किलोमीटरला बावीस आणि विश्रामबाग ते विमानाच्या खुर्चीपर्यंत साडेतेरा! तेव्हा दमणूक जी होते ती विमानात बसायच्या आधीच निम्मी होते, म्हणून आदल्या रात्री बॅगा भरत जागू नका, रविवारी संध्याकाळीच सगळं बांधून ठेवा. आणि व्हीलचेअर मुलाला आत्ताच तिकिटावर नोंदवायला सांगा, चालता येत असलं तरी, दुबईत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नवख्या माणसाला फार धावपळ होते, आणि त्यात लाजायचं काहीच नाही.

प्रश्न : मुंबई-सॅन फ्रान्सिस्को अंतर शोधलं तर एके ठिकाणी ८,३९५, एके ठिकाणी ७,२९५ आणि एके ठिकाणी १३,५१० येतं. खरं कोणतं? आणि हे काढतात कसं? (अकरावी सायन्स, सातारा)

उत्तर : तिन्ही खरी आहेत बाळा, एककं वेगळी आहेत. पहिलं मैल, दुसरं नॉटिकल मैल, तिसरं किलोमीटर. विमान आणि जहाजवाले नॉटिकल मैल वापरतात, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तो मुळात आला पृथ्वीच्या वर्तुळाच्या एका अंशाच्या साठाव्या भागावरून, म्हणून एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल, म्हणजेच जवळपास १११ किलोमीटर.

काढायचं असं, दोन्ही विमानतळांचे अक्षांश घे, रेखांशांमधला फरक घे, आणि हे सूत्र : अंतराच्या कोनाचा कोसाइन = दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार + दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार गुणिले रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. सॅन फ्रान्सिस्को ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम. रेखांशांची बेरीज १९५.२५ येते, ती १८० च्या वर गेली म्हणून ३६० मधून वजा कर, १६४.७५. कॅल्क्युलेटरवर घाल, कोन येईल साधारण १२१.५ अंश. गुणिले १११.१९, झाले १३,५०० च्या जरा वर. किलोमीटरमध्ये पाच-पंचवीसचा फरक वेगवेगळ्या ठिकाणी दिसेल, कारण पृथ्वी अगदी गोल नाही, विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवाकडे ६,३५७ किलोमीटर आहे. एकदा हाताने काढून बघच.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. मुलगी सप्टेंबरात लंडनला शिकायला निघालीय. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००:४० आहे. आम्ही १५ ला सकाळी निघालो तर चालेल का? पोचायला किती वेळ लागतो? (तासगाव)

उत्तर : नाही, दादा, १५ ला निघू नका, १५ ला सकाळी विमान गेलेलं असेल! ००:४० म्हणजे १४ तारखेची रात्र संपून बाराच्या पुढे चाळीस मिनिटं. तुम्हाला १४ तारखेलाच रात्री साडेनऊच्या सुमारास विमानतळावर पोचायचंय आणि त्यासाठी १४ लाच सकाळी अकरा-साडेअकराला तासगाव सोडायचंय. हे मी ठासून सांगतोय कारण माझा मावसभाऊ अशाच वेळेच्या तिकिटाला एक दिवस उशिरा पोचला, पोराला निरोप द्यायला अख्खं घर दोन गाड्या करून गेलेलं, काउंटरवर कळलं की विमान काल गेलं. त्या दिवशी वहिनी विमानतळाच्या पायरीवर बसून रडली ते मला अजून आठवतं. नवीन तिकिटाचे पैसे गेले ते वेगळेच. कॅलेंडरवर १४ तारखेवर लाल पेनाने गोल करा. आणि मुंबईचं जुनं विमानतळ की पनवेलजवळचं नवी मुंबईचं, हेही तिकिटावर आत्ताच बघून घ्या, नवी मुंबईचं ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झाल्यापासून हा प्रश्न आता खरोखर येतो, आणि रात्रीच्या ट्रॅफिकमध्ये एकावरून दुसऱ्यावर जाणं सोपं नाही.

मुंबई-लंडन अंतर ७,२०० किलोमीटर. जाताना समोरून वारा असतो म्हणून साडेनऊ-दहा तास, येताना पाठीवर असतो म्हणून तासभर कमी. लंडन सप्टेंबरात आपल्या साडेचार तास मागे असतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात आणि मग फरक साडेपाच होतो, फोन करायच्या वेळा तेव्हा बदलाव्या लागतील.

विमान वेळेवर सुटलं तर ते तिथे उतरेल तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेदहा वाजलेले असतील. त्यानंतर इमिग्रेशन आणि बॅगा, आणि तिथलं सिम कार्ड चालू व्हायला वेळ लागतो, तेव्हा तिचा फोन साधारण बारा-साडेबाराच्या सुमारास येईल असं धरून चला. तुम्ही रात्रभर गाडीत असणार, वाटेत कुठेतरी थांबून झोप काढा, फोन आईच्या हातात द्या.